चर्चेची बैठक वेगळी, निर्णयाची वेगळी

तुमच्यापैकी बहुतेकांना यवतमाळ जिल्हा बातम्यांमधून ठाऊक आहे, आणि त्या बातम्या क्वचितच चांगल्या असतात. माझं राळेगाव त्याच जिल्ह्यातलं. कापूस, सोयाबीन, तूर हेच आमचं जग. 'संस्था कशा शिकतात' यावर बोला, असं मला सांगण्यात आलंय. मॅनेजमेंटची पुस्तकं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचली असणार, म्हणून मी आपला कपाशीच्या धुऱ्यावरूनच बोलतो.

२०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. कपाशी डोक्याला लागलेली, हवा दमट, पंपात दोन-तीन औषधांचं मिश्रण. 'शेतकऱ्यांचं अज्ञान' म्हणून बरेच जण मोकळे झाले. मला ते पटत नाही. शेतकरी शिकलेलाच होता, फक्त कृषी केंद्राच्या काउंटरवर आणि शेजाऱ्याकडे बघून. शेजाऱ्यानं पंप काढला की आपणही काढायचा. त्याचं पीक वाचलं नि आपलं गेलं तर गावात तोंड कसं दाखवायचं? हीसुद्धा समूहाची संस्कृतीच. समूह म्हटला की शहाणपण आलंच असं आपण धरून चालतो, पण कळपही समूहच असतो.

याच्या उलटी रीत शेतीशाळेत पाहायला मिळते. तिचं मूळ इंडोनेशियात. १९८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी भात फस्त केला, तेव्हा तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांसाठी बांधावरच शाळा भरवल्या. आपल्याकडे कृषी विभागानं ती पद्धत घेतली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून ती विदर्भ-मराठवाड्याच्या गावांत पोचली.

शाळा कशी भरते ते सांगतो. चार-पाच जणांचा गट कपाशीत शिरतो. झाडाची वरची, मधली, खालची पानं उलटून मावा, तुडतुडे, फुलकिडे मोजतो. डोमकळी, म्हणजे बोंडअळीनं मिटलेलं फूल, शोधतो. कामगंध सापळ्यातले पतंग मोजतो. एका सापळ्यात लागोपाठ तीन दिवस आठ-आठ पतंग आले, तर गुलाबी बोंडअळीसाठी हालचाल करायची. मग निंबाखाली बसून चार्ट पेपरवर झाड काढायचं, एका अंगाला शत्रुकीटक, दुसऱ्या अंगाला मित्रकीटक. जन्मात स्केचपेन न धरलेला माणूस ते चित्र उभं राहून समजावतो.

ढालकिड्याची अळी काळपट, अंगावर नारिंगी ठिपके. दिसली की चिरडावीच अशी. "हे तं कपाशी खाते ना बाप्पा!" कोणीतरी म्हणतोच. शिकवणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. "पाहू ना मंग बाटलीत टाकून," एवढंच म्हणतो. मावा लागलेल्या पानासह अळी बाटलीत जाते, तोंडाला फडकं. पुढच्या आठवड्यात मावा नाहीसा झालेला असतो. उत्तर येत असून गप्प राहणं, हे आपल्या मार्कांच्या शाळेत वाढलेल्यांना फार जड जातं. मला तर अजूनही जातं.

शेतीशाळेत ठराव होत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फवारायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळे चुकीचं बोलायला कोणी भीत नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं तर चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवण्याचा नियमच केला. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथे दोन वेगळ्या जागा तयार झाल्या. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येतात, वाद घालतात, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाला पटलं नाही तर विषय पुन्हा चर्चेला. फार वेळखाऊ वाटतं ना? याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा वाचून, घोकून, भांडून गावानं आधीच पचवला होता.

आपल्या संस्थांत आपण दोन्ही कामं एकाच मीटिंगमध्ये उरकतो. गणपतीच्या बजेटच्या बैठकीत मत मांडलं की ते आपलं घोडं होतं, मग ते हरू द्यायचं नसतं. तुमच्याकडे असं होत नसेल, अशी आशा करतो. (हशा)

शेतीशाळेचं फार कौतुकही नको. प्रकल्प संपला, खाऊचे पुडे थांबले, की पुष्कळ ठिकाणी शाळाही थांबते. फवारणीचा खर्च वाचतो, पण कापसाचा भाव धुऱ्यावर ठरत नाही. रुईचा दर, सरकीचा दर, न्यूयॉर्कचा वायदा यांचा अभ्यासगट आमच्याकडे अजून व्हायचाय. तुमच्यात कोणी या व्यवहारात नोकरी करत असेल, तर एखाद्या रविवारी आमच्या लोकांशी फोनवर बसावं. भाषण तयार करू नका. ते विचारतील, तेवढंच सांगा.