अस्थिभंगानंतरचा आहार

सत्तरीतील आजी न्हाणीत घसरतात, खुब्याचे हाड मोडते, नांदेडला किंवा लातूरला शस्त्रक्रिया होते. शल्यविशारदांचे काम तेथे बहुतांशी संपते. घरच्यांचे सुरू होते. नेमके तेव्हाच आपण चुकतो. ‘पचायला हलके’ म्हणून भाताची पेज, चहा-बिस्किटे आणि सोबत कॅल्शियमची गोळी! हाडाचा मूळ सांगाडाच मुळी कोलॅजन या प्रथिनाचा. कॅल्शियम त्यावर बसते. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे स्नायू काही दिवसांतच झिजू लागतात, आणि पुन्हा उभे राहायचे ते त्यांच्याच बळावर.

अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे 50 किलोच्या आजींना 60 ते 75 ग्रॅम. पेजेतून ती कशी मिळावीत? लातूरच्या बाजारातून तूरडाळ दूरदूर जाते आणि घरची आजी वरणाच्या पाण्यावर! 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीतील लायसिनची उणीवही डाळ भरून काढते. घट्ट वरण, दूध, दाण्याचे कूट, चालत असल्यास अंडे, असे थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे.

भूकच नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनयुक्त पूरक पावडर दुधातून द्यावी, पण दोन जेवणांच्या मध्ये, जेवणाऐवजी नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरच ठरवतील. ऊन आपल्याकडे रग्गड, पण खाटेवरच्या आजींना ते लागते कुठे? ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

राहता राहिली एकादशी. आजी ऐकत नसतील, तर गावातील कीर्तनकार महाराजांकडून निरोप आणवावा. मी तो उपाय करून पाहिला आहे.