सोंगांचे खेळ : बोहाड्यांतले आणि महाजालावरचे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत, अकोले तालुका वसलेला आहे. तेथील आदिवासी गांवांतून उन्हाळ्याच्या सुमारास बोहाडा होतो. रात्रीच्या वेळीं, संबळाच्या तालावर, गणपति, शारदा, राम, रावण, नरसिंह अशीं मुखवट्यांचीं सोंगें एकामागून एक नाचत येतात. या परंपरेंत अनेक ठिकाणीं एकेक सोंग एकेका घराण्याकडे चालत आलेलें असतें. सोंग आणणारा कधीं एकटा नसतो. वाजविणारे आणि पाहणारे मिळूनच तो खेळ पुरा होतो.

शहरांतील तरुण असेंच सोंग आज संगणकाच्या पडद्यावर आणतो. महाजालावरील एका कल्पित जगांत हजारों अनोळखी माणसें एकाच वेळीं शिरतात आणि प्रत्येकजण आपापली भूमिका वठवितो. या खेळांचा मूळपुरुष ‘मड’. इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं तो रचला. त्याचा आरंभ १९७८ सालचा. त्यांत चित्र एकहि नव्हतें; सारें जग शब्दांनींच उभें केलेलें होतें.

घरांतील वडील मंडळी अशा सर्व खेळांना एकाच मापानें मोजतात. परंतु ते सारखे नाहींत. चित्रांच्या झगमगाटावरूनहि त्यांची पारख होत नाहीं. सोंग निवडण्याची मोकळीक किती, इतरांवांचून तें चालतें काय, आणि तें कोणाच्या मालकीचें, हे तीन प्रश्न विचारावे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ सालीं निघाला. त्यांत दोन पक्षांपैकीं एक निवडून एक पेशा पत्करावा लागतो. मोठ्या मोहिमेंत एकजण शत्रूचा मार अंगावर घेतो, दुसरा जखमा बऱ्या करतो, बाकीचे प्रहार करतात. आरंभींच्या कांहीं मोहिमांत चाळीस जण लागत. थोडे चुकले कीं सर्वांची मेहनत वायां जाई. ‘फायनल फँटसी’ मालिकेंतील चौदावा खेळ २०१० सालीं निघाला, फसला, आणि २०१३ मध्यें नव्यानें उभारला गेला. त्यांत एकच पात्र सर्व पेशे शिकूं शकतें; मोकळीक अधिक, बांधिलकी सैल. आइसलंडांतील कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्यें (२००३) तर नेमून दिलेली भूमिका जवळजवळ नाहींच. व्यापारी, चांचे, हेर व्हावें, संघ स्थापावे. बुडालेलें जहाज मात्र परत मिळत नाहीं. २०१४ च्या जानेवारींत तेथें सुमारें एकवीस तास चाललेल्या एका लढाईंत हजारों खेळाडू उतरले होते. ती कथा कोणा लेखकाची नव्हती. खेळाडूंनींच ती घडविली.

बोहाड्यांत वंशपरंपरेनें आलेलें सोंग बदलणें सोपें नाहीं. महाजालावर कोणीहि कांहींहि व्हावें. हा लाभ लहान नव्हे. परंतु सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. पहिल्या दोन खेळांत मासिक वर्गणी थांबली कीं वाढविलेलें पात्र बहुधा कुलुपांत पडतें.

त्याहून मोठी गोष्ट मालकीची. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ खेळाडूंनीं विनवण्या करूनहि कंपनीनें २०१२ च्या नोव्हेंबरांत बंद केला. वर्षानुवर्षें जोडलेलीं नातीं आणि सोंगें एका दिवसांत निराधार झालीं. पुढें २०१९ मध्यें खेळाडूंनींच तो पुन्हां उभा केला, आणि २०२४ सालीं कंपनीनें त्यांच्या एका मंडळास रीतसर परवाना दिला. तेव्हां कोठें त्या खेळास बोहाड्याची कळा आली : जे खेळतात, तेच त्याला जपतात.

एक भेद मात्र उरतो. बोहाड्यांत रात्र सरते आणि मुखवटा उतरतो. सोंग आणणारा पुन्हां शेताकडे वळतो. महाजालावरील जगाला उजाडणें ठाऊक नाहीं. म्हणून खेळ निवडतांना त्यांत सोबती कसे मिळतात हें जसें पाहावें, तशी मुखवटा उतरविण्याची वेळहि घरानें व खेळणाऱ्यानें मिळून आधींच ठरवावी.