अंगणातला गुलाब : आधी ओळख, मग औषध

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषितज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे. गुलाबाविषयी जे थोडेफार समजले, ते चुका करूनच. आमच्या कार्यालयासमोर ग्लॅडिएटर जातीची कलमे लावली होती. दोन वर्षांत झुडपे माजली, फांद्या लांबच लांब वाढल्या, परंतु लाल फूल काही दिसेना. एके दिवशी एका माळीबुवांनी बुंध्याशी वाकून पाहिले आणि ते हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही दोन वर्षं खुंटालाच पाणी घालताय." डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटलेल्या रानफांद्यांनी मूळ कलम केव्हाच संपविले होते. अशी फांदी दिसताच ती उगमापासून काढून टाकावी लागते. वरवर छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. लावतानाही कलमाचा जोड मातीच्या वर राहील, याची काळजी घ्यावी.

जागेविषयी फार सांगण्यासारखे नाही. निदान सहा तास ऊन हवे आणि पाणी साचता कामा नये. काळ्या चिकण जमिनीत खड्डा भरताना शेणखताबरोबर वाळू मिसळावी.

आता किडींकडे वळू. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला गुलाबाची पाने दाखविली. कडेला जणू कात्रीने गोल कापल्यासारखे तुकडे गेलेले. "यावर कोणते औषध मारू?" असा त्यांचा प्रश्न. उत्तर असे की, कोणतेच नाही. पाने कापणारी एक मधमाशी हे तुकडे आपल्या घरट्याच्या अस्तरासाठी नेते. ती पान खात नाही, झाडाचे फारसे बिघडत नाही, आणि परागीभवनास तिची मदतच होते. औषध मारले असते तर माशी मेली असती, आणि खरी कीड कदाचित तशीच राहिली असती.

थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समजावे. पाण्याची जोरदार धार मारली तरी बराचसा मावा गळून पडतो. मात्र शेजारी ठिपक्यांचा ढालकिडा किंवा त्याची काळपट अळी दिसली तर हात आवरावा. तीच मावा खाऊन टाकते. उन्हाळ्यात पाने फिकट, धुळकट दिसू लागली आणि खालच्या बाजूस बारीक जाळी आढळली, तर तो लाल कोळी. फुलकिड्यांमुळे पाकळ्यांच्या कडा करपतात व कळ्या नीट उमलत नाहीत. अशा कळ्या खुडून नष्ट कराव्यात. एवढ्यानेही न भागल्यास निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीचूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १ लिटर करावे आणि संध्याकाळी फवारावे.

काळे ठिपके हा रोग ओल्या पानांवर वाढतो. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे, गळलेली पाने वेचून नष्ट करावीत. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम पुरते. मात्र भर उन्हात फवारू नये, पाने पोळतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जुन्या माहितीपत्रकांत वाळवीसाठी बी.एच.सी. पावडर आणि जमिनीत फोरेट टाकण्याची शिफारस आढळते. पहिलीवर १९९७ पासून, तर दुसऱ्यावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. शाळेच्या अडगळीत असे डबे असतील तर ते उघडू नयेत. मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलुपात ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे. गुलाबाला मुले नाक लावतात, पाकळ्या तोंडातही टाकतात.

राहिली छाटणी. बालदिनाला फुले हवीत म्हणून अनेक शाळा सप्टेंबरातच कात्री लावतात. पाऊस चालू असेल तर ओल्या जखमेतून फांद्या वरून वाळत येतात. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटावे आणि टोकांना बोर्डो मलम लावावे. फुले त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी येतील. १४ नोव्हेंबरला झेंडूवर भागवावे. डोळा बाहेरच्या बाजूचा निवडून त्याच्या किंचित वर तिरका छाट द्यायचा असतो. हे बोलून नीट समजत नाही. कात्री मी बरोबर आणली आहे. सभागृहाबाहेर दोन झुडपे आहेत, तेथेच जाऊन पाहू.