गुडघ्याचा अस्थिबंध : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे



घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या दोन्ही तालुक्यांत कबड्डी व कुस्ती ही केवळ करमणूक नाही. पोलीस व राखीव दलाच्या भरतीकडे डोळे लावून बसलेल्या तरुणांची ती उमेद आहे. चढाईला गेलेला गडी झटकन वळतो, पाय मातीत रुतलेलाच राहतो आणि गुडघा पिळवटतो. आतून ‘कट’ असा आवाज येतो. काही तासांत गुडघा सुजतो. नडगीच्या हाडाला पुढे सरकू न देणारा अस्थिबंध अशा वेळी तुटलेला असण्याचा संभव फार असतो. मुरगळला म्हणून तेल चोळीत बसू नये; अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

तुटलेल्या बंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील पट्टी बसविण्याची शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये वर्णिली. १९८०च्या सुमारास कृत्रिम धाग्यांचे बंध आले. आरंभी ते बरे वाटले. पुढे अनेक तुटले. शस्त्रक्रियेची खरी परीक्षा दहा-वीस वर्षांनीच होते, हा त्यातील धडा.

आज पट्टी बहुधा वाटीखालून किंवा मांडीच्या मागील स्नायूंतून घेतात. दीर्घकाळात दोहोंचे फळ जवळपास सारखेच. मात्र वाटीखालची पट्टी घेतल्यास गुडघे टेकताना दुखण्याची तक्रार अधिक राहते. मागील पट्टीने पाय दुमडण्याची ताकद थोडी उणावते. खुरपणी करणाऱ्याने, भुईवर बसणाऱ्याने हे शल्यचिकित्सकांना आधीच सांगावे.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असेही नाही. स्वीडनमधील १२१ तरुणांच्या पाहणीत, व्यायामाने आरंभ केलेल्या ५९ जणांपैकी २९ जणांचे पाच वर्षे शस्त्रक्रियेवाचून निभावले. दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु गुडघा वारंवार निसटत असेल, तर विलंब करू नये. त्याने आतील कूर्चेची गादी फाटते. गादी गेली की पुढे झिजेचा संधिवात बळावतो. नवा बंध स्थैर्य देतो, पण झीज टळेल अशी हमी देत नाही.

सर्वांत मोठी चूक घाईची. तालुक्याचे सामने आले, भरतीची जाहिरात निघाली, की चौथ्या महिन्यातच गडी मैदानात उतरतो. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जसजसा लांबवावा, तसतशी पुन्हा इजा होण्याची शक्यता दरमहा सुमारे निम्म्याने घटते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्या काळात मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम नियमित हवा. त्यासाठी दररोज पुण्याला जाणे कोणाला परवडणार? तज्ज्ञांनी शिकविलेला व्यायाम शाळेच्या मैदानावर, शिक्षकांच्या नजरेखाली होऊ शकतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधीच विचारावे.

एक सामना हुकला तर पुढच्या वर्षी खेळता येतो. विशीत दुसऱ्यांदा दुखावलेला गुडघा मात्र चाळिशीत शेताच्या बांधावर चढताना हिशेब मागतो. गावाने आपल्या खेळाडूला हे नऊ महिने द्यावेत, एवढीच विनंती.