शास्त्र सोनोमाचं, हंगाम नाशिकचा



राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्यो ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या आणि २००० साली ‘सुला’ या त्यांच्या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. त्या घडणीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे ज्येष्ठ वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सल्लागार होते. त्यांची दोन देशांतली कारकीर्द पाहता मला एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते: वाइनचं शास्त्र बाहेरून आणता येतं, हंगाम मात्र इथल्याच बागेत शिकावा लागतो.

सोनोमात वेली हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात आणि काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, हवा गार होत जाताना होते. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना काढणी. उष्णता वाढली की मण्यातली आम्लता झपाट्यानं उतरते. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरवर साखर भरलेली दिसली म्हणून भागत नाही. आम्लता आणि सामू पाहूनच दिवस ठरवावा लागतो आणि पहाटेच्या गारव्यात तोडलेले घड ऊन तापायच्या आत वायनरीत पोचवावे लागतात. दोन्हीकडचे हंगाम वेगवेगळ्या महिन्यांत येत असल्यानं जाणकाराला एकाच वर्षात दोनदा काढणी पाहता येते, हा दोन देशांतल्या अशा कारकिर्दीचा मोठा लाभ.

परदेशी सल्ल्यानं आपण परावलंबी होतो, असा एक आक्षेप आहे. सल्ला गुपित राहिला तर तो खराच. नोंदी आणि कारणं इथल्या माणसांच्या हाती आली, तर तोच सल्ला आपलं भांडवल ठरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चांगल्या वाइनसाठी वेलीवर माल कमी ठेवावा लागतो, आणि २००८ नंतरच्या मंदीत मागणी आटली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या. त्यांचा राग रास्त आहे. पण तिथं शास्त्र चुकलं नव्हतं. बाजाराची जोखीम शेतकऱ्याच्या माथी पडली होती. कमी माल मागायचा असेल, तर त्याचा भाव लागवडीआधी लेखी ठरलाच पाहिजे.

म्हणून छाटणीच्या तारखा, साखर आणि आम्लतेच्या नोंदी बागायतदारांना खुल्या करण्याचा आणि इथल्या तरुण-तरुणींना परदेशातल्या हंगामात कामाची संधी देण्याचा ठराव बागायतदार आणि वाइन उत्पादकांच्या या परिषदेनं करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.