तोंड आले म्हणजे काय आले?



या व्यासपीठावरून मी आजवर बोनसवर बोललो, कामाच्या तासांवर बोललो, यंत्रमागाच्या मजुरीवर बोललो. यंदा विषय मी मागून घेतला आहे. कोरोनाच्या साथीत माणसांच्या तोंडात काय काय झाले आणि ते कोणी पाहिले, असा तो विषय आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत कागद वाचता वाचता झाले. तेव्हा औषध सांगणे माझे काम नव्हे.

आमच्याकडे ‘तोंड आले’ ही तक्रार कोणी धरीतच नाही. ताप भरला तर माणूस आजारी, तोंड आले तर तो सोंग करतो! पोट साफ नसेल, तंबाखू जास्त झाली असेल, एवढे म्हणून मुकादम निकाल देऊन मोकळा. वैद्यकशास्त्राने मात्र तोंडाची साक्ष फार पूर्वीच मानली. गोवर हाही श्वासावाटे पसरणारा विषाणूचाच रोग. 1896 साली न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक या डॉक्टरांनी लिहून ठेवले की, अंगावर पुरळ उठण्यापूर्वीच गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. गोवर ओळखायला डॉक्टर आजही ते शोधतात.

कोरोनात पहिली गेली ती चव. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने वास आणि चव जाणे हे लक्षणांच्या यादीत घातले. त्याच्या आधी आमच्या वस्तीतल्या एका खानावळवाल्या बाई दोन दिवस आमटीत मीठ वाढवीत होत्या आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होत्या. हा विषाणू पेशीवरच्या एका प्रथिनाला धरून आत शिरतो. ते प्रथिन जिभेवर, हिरड्यांत आणि लाळेच्या ग्रंथींतही असते. या ग्रंथींतच विषाणू वाढू शकतो, हे 2021 साली संशोधकांनी दाखवून दिले. अनेकांच्या तोंडाला कोरड पडली. लाळ म्हणजे थुंकी नव्हे हो! ती दात धुते, घास भिजवते, जंतूंना आवर घालते. ती आटली की जिभेवर पांढरा थर चढतो, ओठ चिरतात, टाळूवर आणि जिभेच्या कडेला फोड येतात. यांतले विषाणूने स्वतः किती केले आणि औषधे, अशक्तपणा, काळजी, कित्येक दिवस न घासलेले दात यांनी किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. रोग्याला दोन्ही सारखेच झोंबते. आणि पाहायचे कोणी? तोंडावर मुखपट्टी, दंतवैद्याचा दवाखाना तातडीच्या कामापुरता उघडा.

आता ज्याच्यासाठी हा विषय मागितला ते सांगतो. 2021 च्या उन्हाळ्यात आमचा एक सभासद, यंत्रमागावरचा कामगार, कोरोनातून उठला. ताप गेला तरी स्टेरॉइडच्या गोळ्या तो खातच राहिला, कारण पहिल्या चिठ्ठीवर आणखी दोनदा त्या मिळाल्या. ज्याला प्राणवायू लावावा लागतो अशा रोग्याला हे औषध तारते. पण ते रक्तातली साखर चढवते आणि अंगाचा पहारा ढिला करते. याला मधुमेह होता आणि ते त्याला ठाऊक नव्हते. एक दिवस वरचे दात हलू लागले, गाल बधिर झाला. दात दुखतो म्हणून रजा मागितली, ती मिळाली नाही. आठवडा गेला. शेवटी एका दंतवैद्याने आ करायला लावले, तेव्हा टाळूवर काळा डाग दिसला.

लोक हिला काळी बुरशी म्हणतात. बुरशी काळी नसते; ती रक्तवाहिन्या बुजवते, मग मांस मरते आणि काळे पडते. नाकातून शिरून ती टाळूकडे आणि डोळ्याकडे सरकते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. जुलै 2021 मध्ये संसदेत सांगितले गेले की देशात 45 हजारांहून अधिक रोगी झाले आणि 4 हजारांहून अधिक दगावले. सर्वांत मोठ्या आकड्यांत आपला महाराष्ट्र होता.

आमचा माणूस वाचला. वरचा अर्धा जबडा काढावा लागला. टाळूला पडलेले भोक झाकायला कवळीसारखी पट्टी बसवली आहे. ती काढली तर पाणी नाकातून येते आणि बोललेले समजत नाही. नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याचे परिशिष्ट मला जवळजवळ पाठ होते. बोटाच्या एकेका पेराची टक्केवारी त्यात दिलेली होती. दातांची, टाळूची ओळ नव्हती. हा आजार अपघातात बसत नाही हे मला कळते. तरी ते पान मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिले.

साथ ओसरली, पण साखर, तंबाखू आणि न दाखवलेले तोंड आहे तिथेच आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, टाळूचा बदललेला रंग हे दिसले की पाळी बुडवून दाखवा. आम्ही मालकांकडे मागणी दिली आहे: प्रत्येक कामगाराची साखर आणि तोंड वर्षातून दोनदा तपासावे, तेही पगारी वेळेत. माणशी किती मिनिटे मोडतील, असे त्यांनी विचारले. हिशेब करून पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.