फ्लूची लस: बाळाला द्यायची का?

तायांनो, बैठकीत हल्ली हा प्रश्न येतोच. खासगी डॉक्टर म्हणतात फ्लूची लस द्या, आशाताईंच्या यादीत तर ती नाही. मग खरं कोणाचं? दोघांचंही. सरकारी वेळापत्रकात ही लस नाही, म्हणून विकत घ्यावी लागते. पण बालरोगतज्ज्ञांची संघटना ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यायला सांगते. पहिल्या वर्षी ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात, तेव्हा दर विचाराल तो दोन्हींचा विचारा.

“लसीनेच फ्लू होतो,” असं घरात कोणीतरी म्हणणारच. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. एक-दोन दिवस कणकण येते, टोचलेली जागा दुखते, इतकंच.

माझं म्हणाल तर आधी बाळाचं लसीकरण कार्ड काढून बघा. न्यूमोनियाची पीसीव्ही, ९ महिन्यांची गोवर-रुबेला या लसी फुकट आहेत. त्या राहिल्या असतील तर पहिल्या त्या. त्यानंतर, बाळाला दम्याचा त्रास असेल, छाती वरचेवर भरत असेल, तर फ्लूच्या लसीसाठी गटाकडे कर्ज मागायला लाजू नका. मुलाच्या औषधपाण्याला नाही तर मग गट कशाला? पावसाळ्याआधी दिलेली बरी.